ओलाव्याचा हिशेब

१२ नोव्हेंबर, नागभीड ते सिंदेवाही

हलका धान कापून झाला, भारी धान अजून उभा आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या. दुपारी ऊन चटका देतं आणि रात्री दव असं पडतं की सकाळी नऊला लोंबी हातात घेतली तरी तळवा ओला होतो. चार दिवस कडपा वाळल्या की भारे बांधायचे, पुंजणं घालायचं, मग सवडीनं चुरणी, ही इथली रीत. दाण्याच्या आत मात्र या चार दिवसांत बरंच काही घडून जातं. दुपारी सुकलेला दाणा रात्री दव पितो. त्याचा वरचा थर फुगतो, आतला गाभा तसाच राहतो, आणि या ओढाताणीत तांदळाला बारीक आडवी चीर जाते. तुसाच्या आत असल्यामुळे ती कुणाला दिसत नाही. मिलमध्ये दाणा नेमका त्या चिरेवर मोडतो. शेतकरी म्हणतो मिल खराब, मिलवाला म्हणतो धान खराब. दाणा मोडला तो बांधीत, महिनाभर आधी.

जाड धानाला हे थोडंफार सोसतं, बारीक धानाला नाही. आणि हा मुलूख बारीक धानाचा. याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या शेतात पटेल-३ या वाणाच्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी राखून वर्षानुवर्षं निवड केली आणि त्यातून एचएमटी उभा राहिला. २०१८ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्या वाणावर किती राईस मिली चालल्या, याचा हिशेब कुणी मांडला नाही. एवढ्या कष्टानं निवडलेला बारीक दाणा काढणीनंतरच्या आठवड्यात चिरतो, ही मला सलणारी गोष्ट आहे. सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्रात वाणांवर आयुष्यं घालवलेली माणसं आहेत. त्यांच्या कामाचं अखेरचं मोल खळ्यावरच्या ताडपत्रीवर ठरतं.

१९ नोव्हेंबर, धानोरा तालुका

ओलावा मोजायचं यंत्र घेऊन खळ्याखळ्यावर फिरले. खरेदी केंद्रावर सतरा टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. भरडाईला चौदाच्या आसपास हवा आणि बियाणं वर्षभर ठेवायचं तर बारा. इथं यंत्र कुणाकडे नाही. दाणा दाताखाली धरून चावतात, 'कट्' असा आवाज आला की वाळला.

एका आजींना म्हटलं, तुम्ही चावून सांगा, मी यंत्रावर बघते. त्यांनी पाच ढिगांतले दाणे चावले आणि सर्वांत कोरड्यापासून सर्वांत ओल्यापर्यंतचा क्रम लावून दिला. यंत्राचा क्रम तोच निघाला. आकडा त्यांना सांगता आला नाही, पंधरा आणि सतरा यांतला फरक दातांना कळत नाही. पण त्यांनी विचारलं ते माझ्या वहीत पहिल्या ओळीत जायला हवं: "मशीन सांगते का जी, कोणत्या दिवशी झाकाचं आन् कोणत्या दिवशी उघडाचं?"

नाही सांगत. ते आम्हीच सांगायला हवं. संध्याकाळी पाचला ढीग करून ताडपत्रीखाली घ्या, म्हणजे दव लागणार नाही आणि दाण्यातला ओलावा रातभरात आतून बाहेर सारखा पसरेल. सकाळी दव उडाल्यावर पुन्हा पातळ पसरा, दर तासाला पायानं फिरवा. खर्च म्हणाल तर ताडपत्रीचा.

२७ नोव्हेंबर, मूल

मिलमध्ये दिवस गेला. शंभर किलो धानातून वीस किलोच्या आसपास तूस निघतं, पाच ते आठ किलो कोंडा, उरतो तो तांदूळ. सरकारी भरडाईला अरव्यासाठी, म्हणजे न उकडलेल्या तांदळासाठी, सदुसष्ट किलो आणि उसन्यासाठी, म्हणजे उकड्यासाठी, अडुसष्ट किलो असा उतारा धरतात. त्यात अख्खा तांदूळ किती आणि कणी किती, यावर मिलवाल्याचा नफा ठरतो.

मला मात्र कोंड्यापाशी थांबायचं होतं. पॉलिशरच्या पाइपातून तो ऊबदार, गोडसर वासाचा खाली पडतो. त्यात तेल आहे, चांगलं खाण्याचं तेल. पण कोंडा दाण्यापासून सुटला की त्यातलं विकर लगेच तेलावर काम करू लागतं आणि काही तासांतच आम्लता चढते. दुसऱ्या दिवशी पोत्यात हात घातला तर वास बदललेला असतो. तेच तेल मग खाण्याऐवजी साबणाच्या कामाचं उरतं, किंवा कोंडा ढोरांपुढे जातो. उपाय ठाऊक आहे आणि जुना आहे. मिलच्या दारातच कोंड्याला वाफ द्यायची, विकर मारायचं, मग सुकवून हवा तितका दूर न्यायचा. उसन्या तांदळाच्या धानाला आधीच वाफ मिळालेली असते, म्हणून त्याचा कोंडा टिकतो आणि त्यात तेलही जास्त भरतं. अरव्याच्या छोट्या मिलींना ही वाफेची सोय परवडेल अशा आकारात कुणी करून द्यायची? तेलगिरणी दूर आहे, तिला लांबचा कोंडा ताजा मिळत नाही, म्हणून ती भाव देत नाही. भाव नाही म्हणून मिलवाला वाफेचं यंत्र घेत नाही. ही गाठ कुठून तरी सोडवायला हवी. माझ्या मते ती चार-पाच मिलींनी मिळून एकच फिरतं यंत्र घेतलं तर सुटेल.

४ डिसेंबर

तुसाच्या डोंगराचे फोटो काढून आणले. विटांच्या भट्ट्या नेतात, उसन्या मिलींचे बॉयलर जाळतात. जळून त्याची पाचव्या हिश्श्याएवढी राख उरते आणि त्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. ज्वाळा सातशे अंशांच्या आत राहिली तर ही सिलिका काचेसारखी अस्फटिक राहते आणि सिमेंटमधल्या चुन्याशी जोडली जाऊन काँक्रीट घट्ट करते. आग त्याहून फार तापली की सिलिकेचे स्फटिक बनतात आणि ती राख फक्त राख उरते. म्हणजे इथंही माल कुठला हा प्रश्न नंतरचा, आधी आग कशी राखली हा.

चंद्रपूर जिल्ह्याच्या एका टोकाला मूल-सिंदेवाहीच्या धानाच्या मिली आणि दुसऱ्या टोकाला कोरपना-राजुऱ्याकडचे सिमेंट कारखाने. एकाच जिल्ह्यात दोन्ही टोकं. माझ्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवा असतो तेव्हा ते परदेशी मासिकं चाळतात. या वर्षी दोघांना बॉयलरच्या तापमानाच्या नोंदी घ्यायला लावल्या आहेत.

६ जानेवारी, वर्धा

मगनवाडीत गेले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला तो इथंच, आणि जे. सी. कुमारप्पांनी त्याची घडी बसवली. लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेला, कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस इथं हातसडीचा तांदूळ, तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांचे हिशेब मांडत बसला. झवेरभाई पटेलांनी लाकडी घाणीत सुधारणा करत बैलाला कमी ओढ पडेल आणि पेंडीत कमी तेल राहील अशी वर्धा घाणी घडवली. रॉकेलऐवजी वनस्पतीच्या तेलावर जळणारा मगनदीप इथलाच. आता याच आवारात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगीकरण संस्था आहे.

मी ते सारं भक्तिभावानं बघायला गेले नव्हते. मला त्यांची पद्धत हवी होती. कुमारप्पांच्या माणसांनी आधी गावातला तेली काय करतो ते मोजलं: किती बी, किती तेल, पेंडीत किती उरलं, बैल किती वेळात थकला. मग लाकडाचा कोन बदलला. संशोधनाचा प्रश्न त्यांना घाणीपाशी सापडला. हे मी आजही कुणाकडून शिकायचं ते ठरवताना लक्षात ठेवते.

परतताना नागपूरला लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्थेतल्या एका जुन्या शिक्षकांना भेटले. दानातून १९४२ मध्ये उभी राहिलेली ही संस्था, तेल, कागद, अन्न अशा तंत्रशाखांची. त्यांनी अमेरिकेतल्या पिओरियाची गोष्ट सांगितली. मंदीच्या काळात मका आणि गहू पडून होते, तेव्हा शेतमालाचे नवे उपयोग शोधायला सरकारनं चार प्रादेशिक प्रयोगशाळा काढल्या, त्यांतली एक पिओरियात. १९४१ मध्ये ऑक्सफर्डहून फ्लोरी आणि हीटली हे शास्त्रज्ञ पेनिसिलिनची बुरशी घेऊन तिथं पोचले. ती बुरशी वाढवायला तिथल्या अँड्र्यू मॉयर यांनी मक्याच्या स्टार्च गिरणीतून निघणारं भिजवणीचं पाणी वापरून पाहिलं आणि उत्पादन कित्येक पटींनी वाढलं. टाकाऊ पाणी त्या प्रयोगशाळेत आधीपासून होतं, कारण आसपास मक्याच्या गिरण्या होत्या. प्रयोगशाळा पिकाच्या शेजारी असण्याचा अर्थ हा. "तुमच्याकडे काय आहे?" सरांनी विचारलं. "मोह," मी म्हटलं.

१७ फेब्रुवारी

लेखा-मेंढ्याहून आले. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेलं हे गाव, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये आपल्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकारही ग्रामसभेनं मिळवला. त्याआधीची कित्येक दशकं या जंगलांतला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे जायचा आणि गावाला तोडणीची मजुरी मिळायची. आता विक्री गावाची. पण तोडलेल्या बांबूवर गावात पुढचं काम किती होतं? इथल्या देवाजी तोफांच्या पिढीनं हक्काची लढाई लढली. पुढची लढाई प्रक्रियेची आहे आणि तिच्यात माझ्यासारख्यांनी हात लावायला हवा.

२६ मार्च, पहाटे

मोह पडतोय. पहाटे तीन-चारपासून फुलं गळू लागतात, ऊन वर येईपर्यंत टपटप चालू. बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, लेकरंही सोबत. मीही गेले. गोड, जड वास सगळ्या रानभर.

झाडाखालचा पाचोळा जाळण्याची चाल इथं जुनी. जमीन काळी झाली की पांढरीपिवळी फुलं चटकन दिसतात, वेचायला सोपी जातात. पण ही आग झाडाखाली थांबतेच असं नाही. मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोलीच्या जंगलात लागणाऱ्या वणव्यांत तिचा वाटा आहे. आणि त्या फुलांना राख, माती, खडे चिकटतात. पाण्यानं धुवायला जावं तर साखरच धुऊन निघते. अशी फुलं खाण्याच्या पदार्थाला कोण घेईल?

म्हणून जाळ्या. बारीक छिद्रांची हिरवी जाळी झाडाखाली चार खुंटांवर, जमिनीपासून हातभर उंच. फूल जाळीवर पडतं, स्वच्छ राहतं, खालून हवा लागते, आणि पाचोळा जाळायचं कारणच उरत नाही. छत्तीसगडमध्ये अशा वेचणीला आता चांगलं वळण लागलं आहे. तिथल्या कोरब्याहून वाळलेली मोहफुलं २०२१ मध्ये फ्रान्सला गेली.

पहिल्या जाळीपाशी उभी राहून एक बाई म्हणाली, "आमचा मोहा त खालीच पडे बाप्पा. वर झेलाचा हे आता शिकलो."

कमरेतून वाकणं वाचलं, हे तिनंच आधी सांगितलं. माझ्या अहवालाच्या मसुद्यात स्वच्छता होती, वणवा होता, भाव होता. कंबर नव्हती. आज घातली.

३० मार्च

ताज्या फुलात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी असतं आणि उरलेल्यात बरीचशी साखर. अशा मालाला उन्हाळ्यात आंबायला फार वेळ लागत नाही. दुपारपर्यंत टोपलीत दाबून ठेवला तर तळाचा थर गरम लागतो. अंगणात जाड थर करून वाळवला तर वरची फुलं सुकतात, खालची काळी पडतात. आम्ही पारदर्शक पत्र्याखाली चार खणांचा सौर वाळवणी कक्ष उभा केला आहे. वर गरम हवा निघून जायला धुराडं, खाली जाळीचे ट्रे. साठ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर फूल काळवंडतं आणि चव बिघडते. ट्रेवर एकच थर. त्यात वाळलेलं फूल तांबूस-सोनेरी राहतं, बेदाण्यासारखं चिवट, आणि मुठीत दाबून सोडलं की एकमेकांना चिकटत नाही.

पुढची अडचण पावसाळ्याची आहे. वाळलेला मोह हवेतलं पाणी ओढून घेतो. जुलैत पोत्यात गोळे होतात, किडे पडतात. म्हणून घट्ट झाकणाचे डबे, आणि आत दुहेरी प्लास्टिकची पिशवी.

८ एप्रिल

व्यापारी आला होता. गावची फुलं एप्रिलमध्ये विकली जातात, कारण साठवायला जागा नाही आणि लग्नसराईला रोख लागते. त्याच गावातले लोक पोळ्याच्या सुमाराला लागेल तेवढा मोह चढ्या भावानं परत विकत घेतात. वाळलेल्या मोहाची किमान आधारभूत किंमत २०२० मध्ये किलोला सतरावरून तीस रुपये झाली, त्यानं थोडा आधार आला. २०२१ मध्ये राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यांवरचे निर्बंध उठवले. त्याआधी आदिवासीच्या घरातला फुलांचा साठाही संशयाचा विषय होता. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि मी तिच्या बाजूची आहे; दारूपायी घरं कशी मोडतात ते मी इथं पाहिलं आहे. म्हणूनच मोहाला दुसरी वाट काढून देणं मला इतकं निकडीचं वाटतं. लाडू, पाक, जाम, ढोरांचा खुराक. फूल अन्न म्हणून विकलं गेलं तरच ते अन्न राहील.

बायांच्या गटानं यंदा अर्धा माल रोखून ठेवायचं ठरवलं. अध्यक्षबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, खराब झाला त कोण भरल?" मी म्हटलं, दर पंधरवड्याला ओलावा मोजू, पंधराच्या वर गेला की लगेच पुन्हा वाळवू आणि त्याच आठवड्यात विकू. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. योग्य केलं.

२१ जून

पाऊस टेकला आणि टोळी पडू लागल्या. फुलांच्या जागी धरलेली ही मोहाची फळं. वरचा गर माकडं, अस्वलं आणि माणसं खातात, आतलं बी हे खरं तेलाचं घर. गिरीच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तेल. पण टोळी पडते ऐन पावसात, आणि ओल्या बियांतलं तेल कोंड्याच्या तेलासारखंच पटकन आम्ल होतं. जंगलात आठवडाभर पडून राहिलेल्या टोळीचं तेल आणि दुसऱ्याच दिवशी उचलून, फोडून, चुलीवरच्या माळ्यावर सुकवलेल्या टोळीचं तेल यांची आम्लता तपासली. फरक इतका की एकाच झाडाचं आहे हे सांगावं लागलं. पहिलं बायोडिझेलला घ्यायचं तरी आधी एक जादा रासायनिक पायरी करावी लागेल. दुसरं इथल्या घरांत अजूनही भाजीला वापरतात.

४ जुलै

साबणाचा दिवस. एक किलो टोळीच्या तेलाला साधारण एकशे पस्तीस ग्रॅम कॉस्टिक सोडा. आम्लता किती आहे ते पाहून थोडं कमीजास्त. हातमोजे, चष्मा, लेकरं लांब. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही, हे प्रत्येकीकडून तीनदा म्हणून घेतलं. टोळीचं तेल गार हवेत तुपासारखं थिजतं, तरी साबण मऊसर होतो. खोबरेल मिसळलं तर वडी टणक होते आणि फेस वाढतो. खोबरेल मात्र विकत आणावं लागतं. गटात त्यावर बराच वाद झाला. एकीचं म्हणणं, बाहेरचं काही घालायचंच नाही, मऊ तर मऊ. दुसरी म्हणाली, बाजारात मऊ वडी कोणी घेत नाही. शेवटी दोन्ही प्रकारच्या वड्या करून गडचिरोलीच्या आठवडी बाजारात शेजारी शेजारी ठेवायच्या ठरल्या.

१५ जुलै

पेंडीचा प्रश्न आज सुटला, आणि तो आम्ही सोडवला नाही. टोळीच्या पेंडीत सॅपोनिन असतं, म्हणून ढोरांना ती तशीच घालता येत नाही. मी तिला फक्त खत म्हणून धरून बसले होते. गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचा ठेका घेतलेल्या ढिवर बांधवांपैकी दोघं आले आणि म्हणाले, पेंड आम्हांला द्या. हेच सॅपोनिन माशांचे कल्ले निकामी करतं. बोटुकली सोडण्याआधी तलावातले बोटुकली खाणारे मासे काढायला मोहाची पेंड वापरतात, हे मत्स्यशास्त्राच्या पुस्तकात आहे: मीटरभर खोल पाण्याला हेक्टरी अडीच हजार किलो. पंधरा दिवसांत विष उतरतं आणि पेंड तळाशी खत होऊन राहते. पुस्तक माझ्या कपाटात होतं, वापर त्यांच्या हातात.

त्यांचा तलाव लहान आहे आणि यंदा अजून पुरता भरलेला नाही. पाण्याची लांबी-रुंदी आणि खोली मोजून लागणारी पेंड काढली. गटाकडे आहे त्यात निम्म्या पाण्याचं काम होईल. उरलेली पेंड शेजारच्या दोन गावांतल्या घाण्यांवरून गोळा करायची. भावावरून थोडी घासाघीस झाली. बायांनी पैसे अर्धे मागितले आणि अर्ध्याचे मासे, दिवाळीच्या आत. ढिवर भाऊ म्हणाले, दिवाळीपर्यंत मासा एवढा मोठा होत नाही, होळीला घ्या. होळीला ठरलं.